तिकीट मोबाइलवर, मग सल्लागार कशाला?

दिवाळी सरली की मराठी वर्तमानपत्रांची पानंच्या पानं सहल कंपन्यांच्या जाहिरातींनी भरू लागतात. युरोप, जपान, काश्मीर, अंदमान, खाली निघण्याच्या तारखा आणि ‘थोड्याच जागा शिल्लक’. ते पान वाचणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो आणि विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली, संग्रहालयाचा पास हे सगळं त्यावर मिळतं. तरीही दादर, ठाणे, डेक्कन जिमखाना इथली सहल कंपन्यांची ऑफिसं चालू आहेत. इंटरनेट आलं की ट्रॅव्हल एजंट संपणार, असं भाकीत पंचवीस वर्षांपूर्वी छातीठोकपणे केलं जायचं. ते निम्मंच खरं ठरलं. नुसतं तिकीट काढून देणारा मागे पडला, सहल आखून देणारा टिकला. हा टिकलेला माणूस नेमकं काय देतो, ते कुणाच्या उपयोगाचं आहे आणि त्याचे पैसे कोण मोजतं, याचा हा आढावा.

नामावळीपासून सुरुवात

परक्या गावात आपली व्यवस्था पाहणारा कुणीतरी असावा, ही गरज जुनी आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथे ते काम तीर्थोपाध्याय करत. घराण्यांच्या नामावळी त्यांच्याकडे असत. आजोबा कधी येऊन गेले, सोबत कोण होतं, हे वहीत सापडे. उतरायची जागा, जेवण, विधींचा क्रम सगळं तेच लावून देत. दक्षिणेचा आकडा आधी ठरला नसेल, तर निघताना वादही होत. भरवसा आणि हितसंबंध हे दोन्ही त्या नात्यात एकाच वेळी होते, आणि आजच्या सहल व्यवसायातही ते तसेच आहेत.

आधुनिक व्यवसायाची सुरुवात थॉमस कुकपासून सांगतात. ५ जुलै १८४१ रोजी त्यानं लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसं खास आगगाडीनं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. चाळीस वर्षांनी, १८८१ मध्ये, या कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. १८८६ साली ब्रिटिश सरकारनं हज यात्रेकरूंची ने-आण तिच्याकडे सोपवली, कारण त्या वाटेवरच्या दलालांच्या तक्रारी वाढल्या होत्या. काही वर्षांतच तो व्यवहार तोट्यात जाऊन गुंडाळला गेला. प्रवाशाला दलालांपासून वाचवायला आणखी एक मध्यस्थ नेमावा लागला, यातच या धंद्याची सगळी गुंतागुंत दिसते.

मराठी माणसाच्या मनात सहल कंपनीची जी प्रतिमा आहे, ती पुढच्या काळातली. १९८४ मध्ये केसरी टूर्स आणि २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड सुरू झाली. मराठी बोलणारा टूर लीडर, परदेशातही रात्रीच्या जेवणाला वरण-भात, सत्तरीतल्या आजींची चौकशी करणारं कुणीतरी सोबत, या गोष्टींनी कधीही एकट्यानं परदेशी न गेलेल्या मध्यमवर्गाला विमानात बसवलं. महिलांच्या आणि ज्येष्ठांच्या खास सहलींनी तर घरातल्या माणसांवर अवलंबून असलेल्या बायकांना स्वतःच्या नावावर फिरायला शिकवलं. हा फायदा पैशात मोजता येत नाही, पण या आढाव्यातून तो वगळताही येत नाही.

कमिशन गेलं, काम बदललं

विमानतिकिटावरचं कमिशन हे पूर्वी एजंटचं मुख्य उत्पन्न. ते विमान कंपनी देई, प्रवाशाला वेगळं काही मोजावं लागत नसे. अमेरिकेत १९९५ मध्ये डेल्टानं या कमिशनवर कमाल मर्यादा घातली आणि २००२ पर्यंत तिथल्या मोठ्या कंपन्यांनी मूळ कमिशनच बंद केलं. भारतात ही वेळ २००८ च्या सुमारास आली. तोवर प्रवाशाची सवयही बदलत होती. मेकमायट्रिप २००० मध्ये सुरू झाली होती, आयआरसीटीसीचं ऑनलाइन रेल्वे आरक्षण ऑगस्ट २००२ मध्ये. तिकीट हातात ठेवणं हे कौशल्य उरलं नाही.

मग एजंटकडे उरलं काय? माहिती फुकट झाली, पण तिच्यातलं आपल्याला लागू काय, हे ठरवणं फुकट झालं नाही. गंगटोकला कधी जावं हे शंभर ठिकाणी लिहिलेलं आहे. नथुला खिंड सोमवारी आणि मंगळवारी पर्यटकांना बंद असते, तिथला परवाना नोंदणीकृत ट्रॅव्हल एजंटमार्फतच काढावा लागतो, आणि ४,३०० मीटर उंचीवर गुडघे व दमा दोन्हींचा त्रास असलेल्या काकांना न्यायचं की नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून चार दिवसांचा क्रम लावायला मात्र जाणकार लागतो.

फायदा पहिला: क्रम आणि वेग

स्वतः आखलेल्या सहलीतली सर्वांत मोठी चूक ठिकाणांच्या निवडीत नसते, वेगात असते. नकाशावर दोन बोटं अंतर दिसतं म्हणून एका दिवसात तीन गावं कोंबली जातात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. मुंबईहून विमानानं थेट तिथे उतरलेल्या माणसानं पहिले एक-दोन दिवस विश्रांतीत काढायला हवेत, नाहीतर डोकेदुखी, मळमळ आणि कधी त्याहून गंभीर त्रास होतो. चांगला सल्लागार पहिल्या दिवशी काहीच ठेवत नाही. ‘एक दिवस फुकट गेला’ म्हणून कुरकुरणाऱ्याला तो ठामपणे नाही म्हणतो. हे नाही म्हणणं हीच त्याची सेवा. बुकिंगचं संकेतस्थळ कुणाला नाही म्हणत नाही, तारीख मोकळी असेल तर पैसे घेतं.

जवळच्या ठिकाणांनाही हे लागू आहे. ताडोबाचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं आणि जुलै ते सप्टेंबर पावसाळ्यात बंदच राहतं. जिप्सींची संख्या ठरलेली, बुकिंगवर नाव आणि ओळखपत्र. गणपतीत कोकणात जायचं तर रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं) आणि काही मिनिटांत संपतं. या तारखा ज्याच्या डोक्यात असतात, तो आपल्याला योग्य वेळी फोन करतो. आपण मात्र बहुतेक वेळा रजा मंजूर झाल्यावर जागे होतो.

फायदा दुसरा: कागद

परदेशी सहलीत सल्लागाराची फी सर्वांत जास्त वसूल होते ती कागदपत्रांत. शेंगेन व्हिसाचंच घ्या. अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक त्याच्याकडे करायचा. मुक्काम सारखेच असतील, तर जिथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. म्हणजे पॅरिसचे दोन दिवस कमी करून स्वित्झर्लंडचे वाढवले की अर्जाचं दारच बदलतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं, जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मुंबईत भेटीच्या वेळा लवकर भरतात. हे माहीत असलेला माणूस फेब्रुवारीतच बँक स्टेटमेंट मागायला लागतो.

कागदांचे सापळे अनेकदा मुक्कामाच्या देशात नसून वाटेत असतात. अमेरिकेत विमानतळाबाहेर पाऊल न टाकता नुसतं विमान बदलायचं असलं, तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. लंडनला विमान बदलताना ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेसारख्या काही देशांचा वैध व्हिसा जवळ असेल, तर अटींसह सूट मिळते. मसाई माराच्या सहलीसाठी केनियाला जाणारे मराठी छायाचित्रकार आता पुष्कळ. तिथून परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात ही गोष्ट कळून उपयोग नाही.

आणखी एक वर्ग आहे तो न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांचा. ते पर्यटक नसतात, पण सल्ल्याची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. कुठे विमान बदललं तर चालायचं अंतर कमी, व्हीलचेअरची नोंद तिकिटावर झाली आहे का, जुन्या मधुमेहाचा विमा पॉलिसीत कितपत धरला आहे, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून घेतली आहेत की सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे. शेवटचा मुद्दा सर्वांत महागात पडणारा. तिकिटं वेगवेगळी असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या कंपनीची काहीही जबाबदारी नसते. चार हजार रुपये वाचवायला घेतलेलं असं तिकीट चुकलं की साठ हजारांचं नवं काढावं लागू शकतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. स्वस्त दिसणाऱ्या जोडणीत एक विमान सहारला आणि दुसरं उलव्याला नाही ना, हे आता बघावंच लागेल.

फायदा तिसरा: अडचणीत फोन उचलणारा

सल्लागाराची खरी परीक्षा प्रवास मोडतो तेव्हा होते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद होतं. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणं थांबली, ३ मे २०२३ रोजी गो फर्स्टची. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधल्या हजारो पर्यटकांना एकाच वेळी घरी परतायचं होतं. अशा वेळी संकेतस्थळाचा चॅट खिडकीतून ‘आपली विनंती नोंदवली आहे’ म्हणतो. ज्याच्याकडे आपली सगळी बुकिंगं एकत्र आहेत, श्रीनगरचा ड्रायव्हर ज्याला नावानं ओळखतो, तो मात्र हॉटेलचा मुक्काम एक रात्र वाढवून, गाडी ठरवून, पर्यायी विमान शोधून देऊ शकतो. देऊ शकतो, देईलच असं नाही. आपण निवडलेला सल्लागार कसा आहे, हे तिथेच कळतं.

कोविडच्या काळात या नात्याची दुसरी बाजूही दिसली. टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानतिकिटांच्या परताव्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला. त्यात एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटच्या खात्यातून प्रवाशाकडे जावेत, अशी व्यवस्था होती. मध्ये एक हात असला की सोय होते आणि त्याच हातात पैसे अडकण्याची शक्यताही असते.

त्याला पैसे कोण देतं?

या प्रश्नावर मराठी ग्राहक संकोचतो. घासाघीस करतो, पण ‘तुम्हाला यात कुठून मिळतं?’ असं सहसा विचारत नाही. उत्पन्नाच्या वाटा साधारण अशा. हॉटेलं आणि तिथल्या स्थानिक ऑपरेटरकडून घाऊक दरानं खोल्या, गाड्या घेऊन त्यावर मार्कअप. हॉटेल, क्रूझ, विमा यांवरचं कमिशन. परकीय चलनाच्या दरातला फरक. व्हिसाचा सर्व्हिस चार्ज. आणि खरेदीच्या दुकानांकडून मिळणारा वाटा.

यांतल्या पहिल्या चारांत गैर काहीच नाही, त्यावर व्यवसाय उभा आहे. पाचवा मात्र सहलीचा आकारच बदलतो. बँकॉकच्या सहलीत रत्नांचं शोरूम, काश्मिरात शालींचं, राजस्थानात ‘एम्पोरियम’ का येतं आणि तिथे दीड तास का जातो, याचं उत्तर या वाट्यात असतं. सहलीची किंमत खर्चापेक्षाही कमी दिसत असेल, तर उरलेला खर्च त्या दुकानांतून वसूल व्हायचा असतो. चीनमध्ये हा प्रकार इतका बोकाळला की १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या पर्यटन कायद्यानं अवास्तव स्वस्त सहली दाखवून खरेदीतून कमिशन कमावण्यावर बंदी घातली.

ज्या हॉटेलात सल्लागाराला जास्त मिळतं, तेच तो पुढे करणार हा धोका उघड आहे. पण ऑनलाइन संकेतस्थळं निःपक्षपाती असतात, हाही भ्रमच. तिथेही यादीत वर कोण दिसेल, यात कमिशनचा हात असतो. फरक इतकाच, की समोर बसलेल्या माणसाला विचारता येतं. काही सल्लागार आता आखणीची वेगळी फी घेतात आणि ती बुकिंगमधून वळती करतात. फी द्यायला आपण का-कू करतो, पण फी घेणारा माणूस निदान आपल्यासाठी काम करतो आहे, हे त्यातून स्पष्ट होतं.

पैशाचाच आणखी एक मुद्दा. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी टूर पॅकेजच्या रकमेवर टीसीएस आकारला जातो. दर आणि मर्यादा त्यानंतर बदलत आल्या आहेत. हा वेगळा खर्च नाही. आपल्या पॅनवर जमा होणारा कर आहे, विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. कंपनीनं तो भरला की नाही, हे फॉर्म २६एएसमध्ये पाहता येतं. अनेकजण पाहतच नाहीत.

मोठं नाव म्हणजे हमी नव्हे

२३ सप्टेंबर २०१९ रोजी १७८ वर्षांची ब्रिटिश थॉमस कुक कंपनी कोसळली. (भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची आहे, तिला झळ लागली नाही.) परदेशात असलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना तिथल्या नागरी विमान प्राधिकरणानं घरी आणलं. हे शक्य झालं, कारण ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून ‘अटोल’ ही संरक्षण योजना आहे. कंपनी बुडाली तरी प्रवासी अडकत नाही. युरोपीय संघातही पॅकेज विकणाऱ्या कंपनीवर सगळ्या सेवांची जबाबदारी असते आणि दिवाळखोरीपासून ग्राहकाच्या पैशाचं संरक्षण तिला करावंच लागतं.

त्याच वर्षी भारतात कॉक्स अँड किंग्ज ही १७५८ पासूनचा वारसा सांगणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. आगाऊ रक्कम भरून बसलेल्या ग्राहकांसाठी अशी कोणतीच योजना नव्हती, आजही नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय टूर ऑपरेटर आणि ट्रॅव्हल एजंटांना मान्यता देतं, पण ती ऐच्छिक आहे. गोव्यात १९८२ च्या कायद्यानुसार या व्यावसायिकांना नोंदणी करावी लागते. १९५१ पासूनची ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना आहे. तिचं सदस्यत्व हा चांगला संकेत असला, तरी हमी नव्हे.

हातात उरतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात आणि ऑनलाइनही. साताऱ्याच्या माणसाला मुंबईच्या कंपनीविरुद्ध मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पण त्यासाठी कागद हवा. काय समाविष्ट, काय नाही, रद्द केल्यास कधी किती कापणार, हॉटेलचं नाव की नुसतं ‘किंवा तत्सम’, हे सगळं लेखी असलं तरच आयोगापुढे उभं राहता येतं. व्हॉट्सअॅपवरचं ‘काळजी करू नका साहेब’ तिथे फारसं उपयोगी पडत नाही.

भामट्यांचा वेगळा प्रश्न आहेच. चारधाम यात्रेच्या आणि केदारनाथ हेलिकॉप्टरच्या बनावट संकेतस्थळांबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर विभागानं एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं अधिकृत बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरून होतं. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

कुणाला गरज नाही

लोणावळ्याचं हॉटेल, पुणे-गोवा विमान, मुलीच्या घरी बंगळूरची खेप, यांना सल्लागार लागत नाही. एकाच शहरात आठवडाभर राहून पायी भटकणाऱ्यालाही नाही. मीना प्रभूंची प्रवासवर्णनं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, की वाट चुकणं, माणसं शोधणं, बेत बदलणं हाच काहींसाठी प्रवासाचा गाभा असतो. आखणीत ज्याला आनंद मिळतो, त्यानं ती दुसऱ्याला का द्यावी? आता चॅटबॉटही पाच मिनिटांत दहा दिवसांचा कार्यक्रम लिहून देतात. कच्चा आराखडा म्हणून तो चांगला, पण बंद वार आणि अंतरं स्वतः तपासावी लागतात, कारण त्या चुकीचा जाब विचारायला समोर कुणी नसतं.

उलट तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील, दोनपेक्षा जास्त देश असतील, उंची किंवा आजाराचा प्रश्न असेल, परवाने लागत असतील, किंवा सहल आयुष्यात एकदाच व्हायची असेल, तर सल्लागाराचे पैसे सहज वसूल होतात.

निवडताना मोजकंच पाहावं. तो आपल्याला आधी प्रश्न विचारतो, की आधी पॅकेजचा कागद पुढे करतो? ज्या ठिकाणी पाठवतो आहे, तिथे तो किंवा त्याचा माणूस अलीकडे गेला आहे का? रात्री दोन वाजता बर्नला काही झालं तर फोन कुणी उचलायचा, ते नाव लिहून देतो का? सगळी रक्कम आधीच मागतो, की टप्प्यांनी? हॉटेल आणि विमानाचे पक्के क्रमांक आपल्या हातात देतो का, म्हणजे आपल्याला स्वतः पडताळता येईल?

आणि शेवटी तो संकोचाचा प्रश्न: ‘यात तुम्हाला किती मिळतं आणि कुणाकडून?’ चांगला सल्लागार यावर रागावत नाही. तो सांगतो, की हॉटेलकडून इतकं, व्हिसाचे इतके, आणि या बदल्यात अमुक गोष्टींना मी जबाबदार. प्रवाशाला बाजारात फुकट न मिळणारी गोष्ट तीच आहे, जबाबदारी घेणारा माणूस. ती घ्यायला जो तयार नाही, त्याच्यापेक्षा मोबाइल स्वस्त पडतो.